गोजरबाईंच्या श्वानदंशाची आणि दमणीच्या तहाची बखर

श्रीकुलस्वामिनी समर्थ. सातपुड्याच्या पायथ्याचा मुलूख, तालुके जळगाव जामोद, मौजे बेलखेडी येथील वर्तमान. शके १८८३, प्लव नाम संवत्सर, नवे महाराष्ट्र राज्य होऊन दुसरे वर्ष चालू असता मार्गशीर्ष मासी जे घडले ते, कोणाची भीड न धरिता आणि पदरचे न घालिता, लिहिले असे. ऐसे जाहलेच नाही म्हणणाऱ्यांणी गोजरबाईंची डावी पोटरी पाहावी.

मौजे मजकुरी भगवानराव म्हणोन बडे कास्तकार. बैलांच्या दोन जोड्या, दमणी म्हणतात ती सवारीची एक हलकी बैलगाडी, सहा म्हशी आणि भुऱ्या नामे श्वान, ऐसा सरंजाम. त्यांच्या कबिल्याचे नाव विमलबाई. बाई पहाटे दही घुसळीत, आणि रवीचा आवाज थांबला की गल्लीतल्या बाया गडवे घेऊन परसदारे आत येत आणि ताक घेऊन जात. ताक विकणे हे त्या मुलखात पाप, आणि ताकाला येणाऱ्यास आमंत्रण देणे हा निव्वळ वेडेपणा, ऐसी वहिवाट. वीस वर्षे हे चालले होते आणि कोणी हूं की चूं केले नव्हते.

मग वेचणीचा कापूस अंगणी येऊन पडला, गंजी छातीइतकी जाहली, आणि भगवानरावांचे चित्तात चोरांचा संशय शिरला, आणि यांणी भुऱ्याची साखळी काढून त्यास परसदारी मोकळा नामजाद केला. हे चोरांस कळविण्याचे कारण नव्हते, ते ठीकच. परंतु गल्लीसही कळविले नाही. अक्कल गहाण ठेविली होती की काय, बखरकारास ठाऊक नाही. वद्य तृतीयेस सकाळी गोजरबाई, विधवा, मोलाने वेचणीस जाणाऱ्या, नित्याप्रमाणे गडवा घेऊन आत आल्या आणि भुऱ्याने छापा घालून पोटरीचा लचका तोडिला आणि कुंपण ओलांडून डोंगराकडे पसार जाहला. तो आजतागायत सापडला नाही.

गोजरबाई तैशाच जळगावच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. डाक्टरसाहेबांणी फर्माविले की कुत्रे डोळ्यांसमोर राहते तर दहा दिवस पाहिले असते, ते पळाले, सबब रोज एक याप्रमाणे चौदा सुया बेंबीभोवती घ्याव्या, एकही दिवस चुकवू नये. बाईंणी मान डोलाविली. त्यांचे बंधू पुंजाजी यांस पाच सालांमागे असेच कुत्रे चावले, घरच्यांणी झाडपाल्यावर भरवसा ठेविला, आणि पुंजाजी पाण्याचा तांब्या पाहून किंचाळत मेले, ते बाईंणी उशाशी बसून पाहिले होते. म्हणोन दुसरे दिवशी तीन कोस जाणे आणि तीन कोस येणे पायी केले, आणि परतल्या तेव्हा पाय मुसळासारखा सुजला, भुईस टेकेना. सुया बारा राहिल्या होत्या आणि गावास मोटार नव्हती.

मग त्याच सायंकाळी चावडीवर सरपंच माणिकराव यांचे पुढे फिर्याद गुजरली. बाईंचे मागणे एकच, की कुत्रे ज्याचे त्याणे आपली दमणी द्यावी आणि दवाखान्यास न्यावे. भगवानरावांणी कैफियत दिली की अंगण आमचे, कुत्रे राखणीचे, त्याणे चाकरी बजाविली. बाईंस कोणी बोलाविले होते काय.

गोजरबाई म्हणाल्या, "ताकाले कोन कोनाले बोलावते, भाऊ?"

माणिकरावांणी बहुत विचार केला. त्यांचा कापूस दुसरे दिवशी जळगावच्या बाजारी जावयाचा होता, तोही भगवानरावांच्याच दोन्ही बैलजोड्यांणी, हेही त्या विचारात होतेच. मग निवाडा सांगितला की बाई बिनबोलाविता परक्या अंगणी शिरल्या, सबब जोखीम त्यांची त्यांजवर. सभा उठली. गोजरबाई तेथेच बसून राहिल्या. बखरकारही तेथे होता आणि काही बोलला नाही, ही लाजेची गोष्ट लिहून ठेवितो.

विमलबाई बायांमध्ये उभ्या राहून हे सर्व ऐकत होत्या. गोजरबाई बिनबोलाविता शिरल्या ऐसे ठरले, तर वीस वर्षे आपल्या हातचे ताक नेणारी सारी गल्लीच घुसखोर ठरली आणि आपले देणे मातीमोल जाहले, हे त्यांचे काळजास लागले. घरी येऊन त्यांणी हुकूम जारी केला की आजपासून या घरी बोलाविल्यावाचून कोणी येऊ नये, बसू नये, जेवू नये.

मग रात्रीच्या जेवणवेळी भगवानराव स्वतःच पाट मांडून बसले. ताट येईना. ते खाकरले. मग पुन्हा खाकरले.

"तुमाले कोनं बोलावलं?" विमलबाई म्हणाल्या, आणि चुलीत लाकूड सारिले.

तो वेढा सकाळपर्यंत राहिला. चहाची रसद बंद, भाकरीची वाट बंद. पहाटे रवी फिरली आणि थांबली, बाया दाराशी आल्या, आणि बोलावणे न आल्याने रिकामे गडवे घेऊन परतल्या. माणिकरावांपुढे कोरडी भाकर आली, आणि बखरकाराचे घरी कढीवाचून खिचडी गिळावी लागली, ती अजून घशात आहे. न्याहारीचे वेळेस माणिकराव धावत भगवानरावांकडे गेले आणि म्हणाले, "काऊन अडून राह्यला बे, जुंप ना दमणी. माह्या कापसाचं पाहू मंग." आणि कालचा निवाडा रद्द करून नवा दिला, की वहिवाटीने जो ज्या अंगणी येतो तो बोलाविलेलाच समजावा, आणि कुत्रे मोकळे सोडणाराने सोडण्याआधी गल्लीस सांगावे, न सांगितल्यास जखम बरी होईतो सर्व जोखीम धन्याची.

भगवानरावांणी स्वतः बैल जुंपिले आणि गोजरबाईंचे दारी दमणी लाविली. त्या दिवसापासून गल्लीचे ताक पुन्हा सुरू जाहले, आणि भगवानरावांपुढे ताटही येऊ लागले, परंतु जेवावयास बोलावणे येईना. दवाखान्यात कंपौंडरने पुसले की आपण बाईंचे कोण. तेव्हा ते भुईकडे पाहत पुटपुटले की गाववाला. दुसरे दिवशी कंपौंडर दुसरा, त्याणेही पुसले, तेव्हा म्हणाले गाडीवाला. पाचवे दिवशी बाईंस सुईने घेरी आली, आणि यांणी त्यांस हात देऊन बसविले, आणि बाई गुंगीत पुंजाजीस हाका मारीत राहिल्या, ते यांणी ऐकिले. सहावे दिवशी कोणी पुसले नाही, तरी भगवानराव मोठ्याने, रांगेतल्या तमाम लोकांदेखत बोलिले, "माह्यं कुत्रं चावलं यायले. म्याच सोडलं होतं." गोजरबाईंणी डोळ्यांस पदर लाविला.

त्या रोजी घरी परतताच भगवानरावांस जेवावयास बोलावणे आले.

पौष शुद्ध प्रतिपदेस चौदावी सुई जाहली आणि मोहीम फत्ते पावली. दमणीच्या फेऱ्या बारा, खाडा एकही नाही. माणिकरावांचा कापूस बाजारी दोन आठवडे उशिरा गेला, त्याची त्यांणी तक्रार केली, ती कोणी ऐकिली नाही. येणेप्रमाणे जाहले ते लिहून चावडीत ठेविले असे. गोजरबाई हयात आहेत.