धरलेली सावली

आमच्या दोनशे चौदा नंबरच्या बारा मजली ब्लॉकमागे एक झाड आहे, ही बाब नियोजन कार्यालयाच्या निदर्शनास बावन्न वर्षांनी आली. झाड रेन ट्रीचं, छत्रीसारखं पसरलेलं. खाली एक दगडी टेबल, भोवती सहा दगडी स्टुलं आणि त्यातल्या एका स्टुलावर रोज अकरा ते तीन माझे आकाँग, बाकीच्या पाचांवर त्यांचे म्हातारे दोस्त. आकाँग म्हणजे आजोबा. वय एक्याऐंशी, गुडघे दोन, दोन्ही कुरकुरे. घरापासून झाड एकशेचाळीस पावलं, झाडापासून फूड सेंटर आणखी साठ. मध्ये बसल्याशिवाय ही दोनशे पावलं त्यांना जमत नाहीत, आणि या दोनशे पावलांपलीकडे त्यांना जग नाही. झाडाखाली ते त्यांच्यातल्याच लाऊ अंकलशी चिनी बुद्धिबळ खेळतात, हरतात आणि ‘उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली’ म्हणतात.

तर या जागेवर विज्ञान व नवोन्मेष परिसर होणार, अशी पाटी लागली. परिसराचं नाव सिंगापूरच्या चारही राजभाषांत लिहिलं होतं आणि चारही भाषांत ते कुणाला कळत नव्हतं. खाली चित्र होतं. काचेच्या इमारती, मधोमध हिरवळ आणि हिरवळीवर धावणारी, हसणारी, अर्धपारदर्शक माणसं. सगळी पंचविशीतली. एकाच्या हातात फुगा. विज्ञानात फुग्याला फारच महत्त्व असावं.

कार्यालय शास्त्रशुद्ध होतं. झाडाला हात लावण्याआधी त्यांनी खांबावर माणसं मोजणारं यंत्र बसवलं. जागेचा वापर ‘सर्वाधिक गर्दीच्या तासात’ म्हणजे बारा ते एक मोजावा, असा नियम. आता मला सांगा, बारा ते एक आमच्याकडे माणूस कुठे असतो? रांगेत! बाराच्या ठोक्याला सहाही म्हातारे उठायचे, आपापल्या स्टुलावर टिशू पेपरचं पाकीट ठेवायचे आणि चिकन राइसच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. पाकीट ठेवलं की जागा धरली. मग ती जागा मंत्र्यांनाही मिळत नाही.

यंत्र मात्र परदेशी बनावटीचं होतं. अहवाल आला: ‘गर्दीच्या तासातील उपस्थिती शून्य. जागेवर सहा किरकोळ कागदी वस्तू आढळल्या. निष्कर्ष: जागा पडीक. शिफारस: वृक्ष काढून हरित सार्वजनिक अवकाश निर्माण करावा.’

आमच्याच ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या सभागृहात जनसुनावणी झाली. माझी नुकतीच शाळेच्या वादविवाद संघात निवड झालेली, त्यामुळे गप्प बसणं मला शारीरिकदृष्ट्या अशक्य झालं होतं. मंचावर हरित विभागाच्या उपसंचालिका ग्रेस सिक्वेरा मॅडम होत्या. त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरीसुद्धा हिरवी होती.

“मॅडम, हिरवळीसाठी झाड तोडायचं?” मी उभी राहिले.

“तोडायचं नाही, बाळ. हरित उन्नयन करायचं.”

“पण ते आत्ताच हिरवं आहे!”

“आहे ना. पण नियोजित हिरवं नाही. ते कुणाच्या मंजुरीने हिरवं आहे, याची नोंदच सापडत नाही.”

“आणि सावली?”

“सावली दुसऱ्या टप्प्यात आहे.”

मागून आकाँग ओरडले, “दुसरा टप्पा कधी?”

“नऊ वर्षांनी, अंकल.”

“बरं. मला तेव्हा निरोप पाठवा. पत्ता मी वर गेल्यावर कळवतो.”

सभागृह हसलं. मॅडमही हसल्या आणि ‘ज्येष्ठांचा सकारात्मक प्रतिसाद’ असं त्यांनी टिपून घेतलं.

घरी येताना लिफ्टमध्ये आकाँग म्हणाले, “शू-टिंग, उद्यापासून मी खिडकीत बसेन. खिडकीतून फूड सेंटरचं छप्पर दिसतं.”

आकाँगनी एवढं समजूतदार व्हावं, हे मला अजिबात सहन झालं नाही.

झाड पाडायचं त्या दिवशी सकाळी साडेसहाला मी टिशूची अठरा पाकिटं घेऊन खाली उतरले. सहा स्टुलांवर ठेवली, उरलेली बारा झाडाच्या मुळांवर, एक-एक हात अंतर सोडून. सातला फोरमन मुरुगेसन अंकल यंत्र घेऊन आले. भलं थोरलं पिवळं धूड. मुळांपाशी आलं आणि थांबलं.

“काय गं मुली, कुणाची ही पाकिटं?”

“माणसांची. नाश्त्याला गेलीत.”

“मुळांवर कोण बसतं गं?”

“अंकल, पाकीट आहे की नाही?”

त्यांनी हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं. “आहे खरं,” म्हणाले. “येतील ना पण?”

“रांग मोठी आहे.”

“मग मीही पराठा खाऊन येतो.” यंत्र बंद करून ते निघाले. जाताना यंत्राच्या सीटवर स्वतःचं टिशूचं पाकीट ठेवायला विसरले नाहीत.

दहाला सिक्वेरा मॅडम आल्या, घामाघूम.

“हलवा ती पाकिटं!”

“तुम्ही हलवा, मॅडम,” मुरुगेसन अंकल नम्रपणे म्हणाले. “मला बायकापोरं आहेत.”

मॅडम वाकल्या. हात पुढे केला. बारा मजल्यांच्या खिडक्यांमधून आमच्या ब्लॉकमधल्या झाडून सगळ्या आंट्या बघत होत्या. या बाईंनी आजवर अकरा रस्ते, एक शाळा आणि एक अख्खी टेकडी हलवण्याच्या आदेशांवर सह्या केल्या होत्या. पण दुसऱ्याने धरलेली जागा? त्यांचा हात हवेतच थांबला.

“आणि ते लोक परत आले तर?” त्या पुटपुटल्या. “काय म्हणतील? काही रीतभात आहे की नाही?”

एकोणीस दिवस काम थांबलं. फायलीवर रोज एकच शेरा पडत होता: ‘धारक भोजनास गेल्याचे कळते. प्रतीक्षा करावी.’ मी रोज पहाटे पाकिटं बदलत होते, कारण ओलं पाकीट ग्राह्य धरायचं का, यावर उपसमिती नेमल्याची कुणकुण लागली होती. विसाव्या दिवशी आराखडा बदलला. झाड राहणार! टेबल राहणार! स्टुलं राहणार! मी ब्लॉकच्या जिन्यातून बारा मजले किंचाळत गेले. आकाँगनी त्या दुपारी लाऊ अंकलना चक्क हरवलं आणि सगळ्यांना नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खिलवला.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मग मला पुरस्कार मिळाला.

झालं असं, की नवोन्मेष परिसर तयार होत आला तरी त्यात नवोन्मेष एकही नव्हता. आणि इथे एका शाळकरी मुलीने शून्य विजेवर चालणारी, कुणीही मोडू न शकणारी जागा राखण्याची पद्धत सिद्ध करून दाखवली होती. मॅडमनी मला मंचावर बोलावलं, ‘युवा नवप्रवर्तक’ असा काचेचा तुकडा दिला आणि एक कागद पुढे केला. पद्धत परिसराला वापरू द्यावी, एवढंच. मी टाळ्यांच्या कडकडाटात सही केली. नावाखाली झोकदार रेघ ओढली. भाषणही ठोकलं. मुख्याध्यापिका रडल्या.

उद्घाटनाला आकाँग नवा शर्ट घालून, बुद्धिबळाचा पट काखेत मारून, एकशेचाळीस पावलं चालून आले. झाड होतं. सावली होती, अगदी नकाशात दाखवली होती तशी गोल. आणि सहाही स्टुलांवर टिशूची पाकिटं होती. स्टीलची. स्क्रूने बसवलेली, निळा दिवा लुकलुकणारी. एक पुंजभौतिकी संस्थेचं. एक तीन नव्या कंपन्यांचं सामायिक. एक परदेशी शिष्टमंडळांचं. एक ‘अनौपचारिक संवादा’साठी, पूर्वनोंदणी आवश्यक. एक खुद्द हरित विभागाचं.

“मॅडम, ही माणसं कुठायत?” मी विचारलं.

“येतील गं. तूच तर शिकवलंस!” त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

मी पाकीट उपटायला धावले. आकाँगनी माझं मनगट धरलं. “ए, वेडी आहेस का? धरलेली जागा आहे. जेवायला गेले असतील बिचारे.”

याला सात महिने झाले. आकाँग अकरा वाजता येतात, खोडाला टेकून उभे राहतात, पट हातावर धरून तीन चाली खेळतात आणि गुडघे बोलायला लागले की परत फिरतात. फूड सेंटरपर्यंतची साठ पावलं आता होत नाहीत. जेवण मी डब्यात नेते.

सहावं पाकीट सांगायचं राहिलं. त्यावर लिहिलंय: ‘जगभरातील वृक्षप्रेमी नागरिकांसाठी’. म्हणजे तुमच्यासाठी. झाड वाचलं तेव्हा तुम्हाला बरं वाटलं ना? त्यातच तुमची नोंदणी झाली. तेव्हा तुम्ही नक्की कधी येताय, तेवढं कळवा. मला काही घाई नाही, पण आकाँग रोज विचारतात. तुम्ही येऊन उठेपर्यंत ते काही तिथे बसायचे नाहीत.