गोपाळकृष्णांनी सुधारलेलं पेडल

कुणी न सांगता मदत करणं हा गोपाळकृष्णांचा जुना आजार. सांगलीत चाळीस वर्षं त्यांनी लग्नामुंजींना लाउडस्पीकर पुरवले. कुठे खरखर ऐकू आली की हात आपोआप खिशातल्या टेस्टरकडे जायचा. (सासऱ्यांच्या तेराव्यालासुद्धा गेला. आधी भटजींचा माईक सुधारला, मग जेवले.)

शनिवारी सकाळी त्यांची मुलगी वल्लरी गिटार वाजवून आंघोळीला गेली आणि गोपाळकृष्ण हळहळले. संध्याकाळी साताऱ्यात पोरीच्या बँडची पहिलीच स्पर्धा, आणि आवाज हा असा फाटका! गिटारच्या वायरीत मध्येच एक जुनाट लोखंडी डबी होती, पायाने दाबायची. दाबली की आवाज फाटायचा. सापडला की दोष!

पोरगी न्हाऊन येईस्तोवर त्यांनी डबी उघडली, आतले कळकट पार्ट उपटले, सरळ वायर जोडली आणि डबी बंदसुद्धा केली. पार्ट त्यांच्या पत्नी चारुशीलाबाईंनी लगेच घंटागाडीत टाकले. (संसार टापटिपीचा.)

वल्लरीने येऊन डबी दाबली. गिटारमधून निघाला स्वच्छ, सात्त्विक, भूपाळीचा सूर.

"बाबा, ह्याला हात लावलात?"

"आभार नंतर मान. लय खरखरत होतं गं!"

"अहो, खरखरायलाच असतं ते! डिस्टॉर्शन पेडल! आवाज मुद्दाम फाडायचं!"

"मुद्दाम?" गोपाळकृष्णांनी टेस्टर हळूच खिशात लपवला. "त्यासाठी तर गिऱ्हाईक मला शिव्या द्यायचं!"

"विचारायचं तरी! पन्नास वर्षांचं आहे ते, वसीमच्या चाचांचं. असले पार्ट आता मिळत नाहीत!"

तेवढ्यात बँडचा ड्रमर वसीम जीप घेऊन आला. ऐकलं आणि पायरीवरच बसला. "काका, बादशहाचाचा मला उलटा टांगतील. ते स्पर्धेला येणारेत."

"परत बिघडवून देतो की."

पण बिघडवायचं कसं, हे चाळीस वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं. अर्धा तास खटपट केली. आवाज आणखीच गोड झाला.

मग ते चिडले. "दोष तुमच्या त्या अॅम्प्लिफायरात हाय! थांबा." माळ्यावरून त्यांनी स्वतःचा अॅम्प्लिफायर उतरवला. "आतून सगळा माझ्या हातानं दुरुस्त केलाय. खरखर म्हणून न्हाई!"

वल्लरीने रागारागाने एकच तार छेडली. पत्र्याच्या डब्यात रानडुक्कर कोंडावं तसा आवाज झाला. मांडणीवरचं ताट खाली आलं.

"अगदी असाच वाजायचा हो!" चारुशीलाबाई कानांवर हात ठेवून म्हणाल्या. "आपल्या लग्नात मंगलाष्टकं कुणाला कळली?"

वल्लरीने वसीमकडे पाहिलं. दोघांनी अॅम्प्लिफायर उचलून थेट जीपमध्ये चढवला.

साताऱ्यात वल्लरीने पहिला सूर लावला आणि सगळा हॉल खुर्च्यांवर उभा राहिला. पहिला नंबर! गोपाळकृष्ण पुढच्या रांगेत कॉलर ताठ करून सांगत होते, "अॅम्प्लिफायर आमचा."

रविवारी सकाळी खुद्द बादशहाचाचा दारात. काखेत कोरा करकरीत अॅम्प्लिफायर. गोपाळकृष्ण आत पळणार, तेवढ्यात चाचांनी हात धरला.

"आवं, पेडलचं सोडा. हा तेवढा दुरुस्त करून द्या."

"नवा दिसतोय. बिघडलाय व्हय?"

"न्हाई ना! तेच तर दुखणं हाय. लय स्वच्छ वाजतोय." चाचा अजिजीने म्हणाले, "पण एक करा, मुद्दाम काही बिघडवू नका. तुमी आपली मनापासून दुरुस्ती करा."