पुरे झालं, परत फिरा

सूनबाईच्या लेखाला छापून आल्यापासून कोणी विचारलं नव्हतं. शरीरात जंतू शिरला की एक पेशी हाक मारते, ती ऐकून दुसरी त्याहून मोठ्याने ओरडते आणि बघता बघता फौज जमते. या ओरडण्यावर जगभर ढिगाने लेख होते. सूनबाईने मात्र उलटी हाक शोधली होती : 'पुरे झालं, परत फिरा' असं सांगणारी. ती नसेल तर मदतीला आलेली फौजच घर मोडून ठेवते. पण दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आपल्या लेखात या शोधाचा दाखला द्यायला हवा, तो काही कोणी दिला नाही. दाखले नाहीत तर तुमची प्रयोगशाळा चालू का ठेवायची, असं समितीने विचारलं होतं. लेक तापातून नुकती उठलेली, म्हणून आज दुपारी घरूनच, लॅपटॉपसमोर बसून, सूनबाईला त्याचं उत्तर द्यायचं होतं.

सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, राहवेना. त्यांनी सकाळीच धाकट्या बहिणीला फोन लावला. सूनबाईचा आज निकाल आहे, जरा काळजी वाटते, एवढंच म्हणाले. धाकटीने ते मोठीला सांगताना 'जरा' गाळलं. मोठीने मावसभावाला सांगताना अप्पाचा आवाज कापत होता, ही भर घातली. सूनबाईचं पेशींशी काहीतरी असतं, एवढं मावसभावाला ठाऊक होतं. निकाल, काळजी, पेशी... त्याने बेरीज केली, घाम पुसला आणि साऱ्या गोतावळ्याला कळवलं, की असाल तसे निघा.

दुपारी समितीच्या अध्यक्षबाई पडद्यावर आल्या. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "तुमचं हे काम नक्की कुणाच्या उपयोगी पडलं?"

सूनबाईने तोंड उघडलं आणि दाराची बेल वाजली.

आधी फळांची पिशवी आली, मागून मावसभाऊ. मग मोठी आत्या, दोन्ही सुनांना घेऊन, डोळ्याला पदर लावून. मग कोण कोण ते अप्पांनाही ओळखू येईना. एकाने पंखा लावला, दुसऱ्याने बंद केला. लेक दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं. मोठ्या आत्याने थेट लॅपटॉपपुढे येऊन सूनबाईच्या कपाळाला हात लावला आणि ती पडद्याकडे वळली.

"ताप नाही, पण डोळे बघा कसे ओढलेत. तुम्ही डॉक्टर ना? आता काय ते खरं सांगा."

"मी आहे डॉक्टर," अध्यक्षबाई चाचरत म्हणाल्या, "पण तशी नाही."

सूनबाईला रडू फुटायच्या बेतात होतं. गेली प्रयोगशाळा, तिने मनाशी म्हटलं. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. नातीला कडेवर घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "ती बरी आहे. काम करतेय. आत चला, पाय वाजवू नका."

मोठीने ते मावसभावाला सांगितलं, आणखी हळू. त्याने पुढच्याला. खोली आपोआप रिकामी झाली. कडेवरची लेकही हुंदके देत थांबली.

सूनबाई आतल्या दाराकडे बघत राहिली. मग पडद्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, जगातले सगळे लेख आमच्या नातेवाइकांवर आहेत. माझा सासूबाईंवर आहे."

अध्यक्षबाई इतक्या हसल्या, की त्यांना पुन्हा चष्मा पुसावा लागला. प्रयोगशाळेला एक वर्ष मिळालं.

अप्पांनी सगळ्यांना फोन करून सारं ठीक असल्याचं कळवलं. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आत्या बॅग घेऊन दारात उभी.

"आत्या, अप्पांचा फोन नाही आला?"

"आला ना. गाडीत बसलेच होते. म्हटलं, सगळं निवलं असेल, तर पिल्लाला जरा बघावं."

सूनबाई जागच्या जागी थांबली. 'परत फिरा' सांगितल्यावरही तिच्या प्रयोगात एखादी पेशी उशिरा यायचीच. आपलीच चूक समजून ती तिला दर वेळी वगळत आली होती. तिने लेकीला आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि प्रयोगशाळा गाठली. उशिरा येणारी पेशी भांडायला येतच नव्हती. जखमेपाशी बसून ती मागची झाडलोट करत होती.

त्यावर नवा लेख निघाला आणि जुन्या लेखाला पहिला दाखला मिळाला. तो तिनेच दिलेला. स्वतःचं स्वतःला दिलेलं मोजत नाहीत, हे तिने अप्पांना नीट समजावलं. अप्पांनी मान डोलावली आणि धाकट्या बहिणीला फोन लावला. जरा आनंद झालाय, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी दारात चपला मावेनात.