अडतीस पाट्या, मंजूर नमुन्याप्रमाणे

कल्याण-डोंबिवलीतील नागरिकांना कोणत्या कामासाठी कोणत्या खोलीत जायचे ते कळावे, असा निर्णय गेल्या वर्षी रीतसर घेण्यात आला. निर्णय एकमताने झाला, कारण विरोध करणाऱ्या सदस्यांना बैठकीची खोली सापडली नव्हती.

विठ्ठलवाडीच्या बाजूला नागरिकांसाठी एक नवे सुलभता केंद्र उभे राहिले होते. तीन मजले, अडतीस खोल्या आणि प्रत्येक दारावर चिकटपट्टीने डकवलेला कागद. पंखे लागले की कागद उडत आणि शिपाई ते जिथे जागा दिसेल तिथे पुन्हा चिकटवी. म्हणून लाकडी पाट्या लावायचे ठरले. टिपणीत त्यांचे वर्णन 'टिकाऊ, उबदार व नागरिकस्नेही' असे होते. काम उत्तरा परचुरे हिला मिळाले.

उत्तरा डोंबिवलीत मानपाडा रोडला राहत असे. रंगांच्या एका कंपनीतली पंधरा वर्षांची नोकरी सोडून तिने जवळच एका लहानशा गाळ्यात लाकडावर छपाईचे काम सुरू केले होते. तिला अक्षरांचे वेड होते. एखादी वेलांटी किंचित पुसट उतरली तरी ती फळी घासून पुन्हा सुरुवात करायची. आपले काम रोज शेकडो लोक वाचणार, याचा तिला इतका आनंद झाला की 'जन्म-मृत्यू नोंदणी' या शब्दांची सात वळणे काढून तिने नवऱ्याला, शौनकला, दाखवली. शौनकला सातवे आवडले, कारण ते शेवटचे होते.

कामाची रीत सोपी होती. मजकूर एका खास कागदावर उलटा छापायचा, म्हणजे आरशात दिसतो तसा. गुळगुळीत केलेल्या फळीवर तो कागद पालथा घालायचा, वरून तापलेली प्रेस दाबायची आणि थोड्या वेळाने कागद सोलून काढायचा. रंग लाकडावर उतरतो आणि अक्षरे सुलट दिसतात. करारात एकच अट होती : प्रत्येक कागद आधी मंजूर करून घ्यावा आणि शिक्का मारलेला तोच कागद वापरावा.

उत्तराने अडतीस कागद सादर केले. आठ दिवसांनी ते सगळे लाल शाईतल्या शेऱ्यासह परत आले : 'अक्षरे उलटी आहेत. सुलट करून फेरसादर करावीत.'

शेरा दौलत सांबरे यांचा होता. सांबरे साहेब फलक व सूचना विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, सावध होता. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सहीखालून एकही चूक गेली नव्हती, कारण त्यांच्या सहीखालून फारसे काही गेलेच नव्हते. उत्तरा त्यांना भेटायला गेली. त्यांनी तिला बसायला सांगितले, चहा मागवला आणि तिचे सगळे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

"मॅडम, तुम्ही म्हणता ते फळीबद्दल आहे," ते म्हणाले. "मी कागद मंजूर करतो. फळी तपासायला वेगळी समिती आहे."

टेबलावर साहेबांचा रबरी शिक्का पडला होता. उत्तराने तो उचलून त्यांच्यासमोर उताणा धरला आणि म्हणाली, "हा बघा ना साहेब. शिक्क्यावरही अक्षरं उलटीच असतात. म्हणून तर कागदावर सुलट उमटतात."

साहेबांनी चष्मा चढवून शिक्का पाहिला. बावीस वर्षांत त्यांनी तो या बाजूने कधीच पाहिला नव्हता. त्यांनी तो दोनदा उलटसुलट करून पाहिला. त्यांना पटले असावे, असे उत्तराला वाटले. मग त्यांनी शिपायाला बोलावून इमारतीतले सगळे शिक्के आणायला सांगितले. एकसष्ट निघाले. सगळे उलटे.

"फार गंभीर बाब निदर्शनास आणून दिलीत," साहेब हळू आवाजात म्हणाले. "इतकी वर्षं कोणाच्याच लक्षात आली नाही."

पुढच्याच आठवड्यात एकसष्ट नवे, सुलट शिक्के आले. हातात धरून पाहिले तर अगदी स्वच्छ वाचता येत. त्यानंतर केंद्रातून बाहेर पडलेल्या प्रत्येक दाखल्यावर शिक्का उलटा होता. पहिले काही दिवस लोकांनी तक्रार केली. पुढे त्याचीही सवय झाली, इतकी की ठाण्याच्या एका बँकेने जुना, सुलट शिक्क्याचा दाखला बनावट म्हणून परत केला. ज्यांच्याकडे जुने दाखले होते ते सगळे नवे काढायला रांगेत उभे राहिले.

कागदांच्या बाबतीत उत्तराने तीन पत्रे लिहिली. आकृत्या काढल्या. एका लहान फळीवर सांबरे साहेबांचे नाव सुलट उमटवून भेट दिले. नाव साहेबांना फार आवडले. ते त्यांनी घरी नेले आणि तिसऱ्या पत्राला उत्तर पाठवले : 'आपले म्हणणे नोंदवून घेतले आहे. मंजूर नमुन्याप्रमाणे कार्यवाही न झाल्यास आपले नाव काळ्या यादीत टाकण्यात येईल.'

शौनक म्हणाला, "अगं, त्यांना उलटं हवंय तर उलटं दे. तुझं काय जातंय?"

उत्तराने हिशेबाची वही उघडून पाहिली. काळ्या यादीत नाव गेले असते तर गाळाच बंद करावा लागला असता. तिने मजकूर सुलट छापला, कागदांवर मंजुरीचा शिक्का घेतला आणि प्रेस तापवली. पहिल्या फळीवरून कागद सोलला तेव्हा काने, मात्रा, वेलांट्या सगळे सुबक उतरले होते, फक्त तोंड फिरवून बसले होते. इतके देखणे काम तिच्या हातून कधी झाले नव्हते. तिने ती फळी टेबलावर पालथी ठेवली आणि दुसरी घेतली.

तांत्रिक समितीने एका दुपारी पाट्या तपासल्या. तपासणीची पद्धत ठरलेली होती : मंजूर कागदाची प्रत पाटीवर पालथी ठेवायची आणि अक्षराला अक्षर जुळते का ते पाहायचे. तंतोतंत जुळले. अहवालात 'शंभर टक्के अचूक' असा शेरा पडला आणि पाट्या दारांवर चढल्या.

नागरिकांनी सुरुवातीला नेटाने प्रयत्न केला. काही जण डोके वाकडे करून वाचत. काही जण समजल्यासारखा चेहरा करून मिळेल त्या खोलीत शिरत. हर्षित नावाचा एक तरुण मुलीचा जन्मदाखला काढायला आला आणि कुत्रा पाळण्याचा परवाना घेऊन बाहेर पडला. अर्जात 'जात' असा रकाना होता, तोही त्याने निःशंकपणे भरला होता. अर्ध्या तासात काम झाले म्हणून त्याने कर्मचाऱ्यांचे आभार मानले. चूक घरी गेल्यावर कळली, पण परवान्याबरोबर लस मोफत होती, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनी तो ठेवून द्यायला सांगितले.

मग कोणाच्या तरी लक्षात आले की पाटीकडे पाठ करून मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात पाहिले की अक्षरे सुलट दिसतात. दोन दिवसांत ही युक्ती सगळीकडे पोहोचली आणि तिसऱ्या दिवशी परिपत्रक निघाले : 'नागरिकांनी फलकाचे वाचन फलकाकडे पाठ करूनच करावे.' माणसे हात लांब करून, मोबाइल चेहऱ्यासमोर धरून, गालातल्या गालात हसत मागे मागे चालू लागली. कॅमेरा समोर आला की हसू येतेच, त्याला इलाज नाही. टकरी वाढल्या, तेव्हा जमिनीवर पिवळी रेघ मारून पुढे चालणाऱ्यांसाठी वेगळी मार्गिका केली. ती बहुधा रिकामीच असे. ज्यांना उलटे चालणे जमत नव्हते त्यांच्यासाठी 'वाचन मार्गदर्शन कक्ष' उघडला, पण त्याचीही पाटी मंजूर नमुन्याप्रमाणे असल्यामुळे तो बऱ्याच जणांना सापडला नाही.

या सगळ्यात अडचण आली नाही ती एका गंगुबाईंना. मासळी विकून आयुष्य काढलेली ही म्हातारी दर महिन्याला पेन्शनच्या कामासाठी यायची. एक दिवस पाट्यांची अवस्था पाहायला आलेली उत्तरा जिन्याजवळ उभी होती. गंगुबाई सरळ आल्या, पहिल्या टेबलावरच्या माणसाला विचारले, वर गेल्या आणि दहा मिनिटांत काम उरकून परत आल्या. उत्तराने त्यांना विचारले, पाटी न वाचता खोली कशी सापडली.

"माना वाचाला येत नाय, बाय," गंगुबाई म्हणाल्या. "म्हणून मी इचारते."

जिन्यावर पाठमोरे चढणारे दोन इंजिनियर त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होते. गंगुबाईंनी त्यांनाही खोली दाखवली.

त्या वर्षी केंद्राला 'नागरिकांचा डिजिटल सहभाग' या गटात पारितोषिक मिळाले. उत्तराला मात्र चैन नव्हते. पाट्यांच्या कडेला बारीक अक्षरांत तिच्या गाळ्याचे नाव होते, आणि ओळखीचे लोक तिला भेटले की 'ते उलटं काम तुमचंच ना?' असे आदराने विचारत. दोनदा तिला तसेच काम करून द्याल का, अशी विचारणाही झाली. एका सोसायटीला लिफ्टजवळची सूचना तशी हवी होती. उत्तराने सरळ नकार दिला.

शेवटी तिने अडतीस पाट्या स्वखर्चाने पुन्हा बनवल्या, सुलट. त्या टेम्पोत घालून ती केंद्रात घेऊन गेली आणि सांबरे साहेबांना म्हणाली की या फुकट देते, फक्त लावू द्या.

साहेब या वेळी जागेवरून उठले. पाट्यांवरून त्यांनी हात फिरवला. काम सुंदर आहे, असे ते मनापासून म्हणाले. पण आता प्रश्न त्यांच्या हातात राहिला नव्हता. नागरिकांची एक सवय मोडायची तर नागरिकांना विचारायला हवे. हरकती व सूचना मागवण्यासाठी तीस दिवसांची मुदत जाहीर झाली.

उत्तरा महिनाभर खुशीत होती. लोकांना विचारणार म्हटल्यावर निकाल काय लागणार, याबद्दल तिला शंका नव्हती. कोणाला सरळ वाचायला आवडणार नाही? तिने पाट्या पुसून ठेवल्या, स्क्रूसुद्धा मोजून ठेवले.

एकतिसाव्या दिवशी साहेबांनी तिच्यासमोर एक जाड गठ्ठा ठेवला. सगळ्या कागदांवर एकच मजकूर होता : 'सध्याचे फलक आहेत तसेच ठेवावेत. आम्हाला आत्ता कुठे सवय झाली आहे. बदल करून नागरिकांचे हाल करू नयेत.' खाली चार हजार दोनशे एकोणीस सह्या होत्या. सुलट पाट्यांच्या बाजूने एकच अंगठा आला होता. तो गंगुबाईंचा होता, कारण अंगठा देण्यापूर्वी त्यांनी कागदावर काय लिहिले आहे ते विचारले होते.

उत्तरा पाने उलटू लागली. ही माणसे आहेत तरी कोण, ते तिला पाहायचे होते. कल्याणच्या एका संकुलातून एकगठ्ठा तीनशे सह्या होत्या. पुढे डोंबिवली सुरू झाली. तिच्या शाळेतल्या बाई सापडल्या. दाताचे डॉक्टर सापडले. मग तिची स्वतःची सोसायटी आली. बी विंग, तिसरा मजला : शौनक परचुरे. आणि त्याच्या खाली, वळणदार, एकही वेलांटी न चुकलेली सही : उत्तरा परचुरे.

तिला आठवायला वेळ लागला. रविवारी सकाळी कधीतरी वॉचमन दारात आला होता. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी, अशी ती उभी होती. सोसायटीचं आहे, असे काहीतरी तो म्हणाला होता. पाण्याच्या टाकीचं असेल, असे तिला वाटले होते. पिशवी बोटाला अडकवून तिने सही केली होती आणि पेन परत दिले होते.

"म्हणजे तुमचीही हरकत आहे," सांबरे साहेब सहानुभूतीने म्हणाले. त्यांनी नव्या पाट्या तळघरात ठेवायची सोय केली. त्या अजून तिथे आहेत.

या गठ्ठ्यातला एकही कागद उलटा छापलेला नव्हता. मोठी, ठसठशीत, सुलट अक्षरे होती. पाठ फिरवावी लागत नव्हती, मोबाइल लागत नव्हता, कोणालाही सहज वाचता आली असती. शिल्लक नावे इथे देत नाही. तुम्ही एवढेच आठवून पाहा, की गेल्या वेळी वॉचमन तुमच्या दाराशी सहीचा जो कागद घेऊन आला होता, त्यावर वर काय लिहिले होते?