जानकीकाकूंच्या भिंतीतली खिडकी

ऊन पाडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे मी झाशीत तरी बिनदिक्कत सांगते. सुताराने लाकडाला रंधा लावायच्या आधी मी कॉम्प्युटरवर कपाट, पलंग, टेबल तयार करते आणि त्याचं असं चित्र काढून देते की बघणारा फोटो समजून दार उघडायला जातो. सगळी करामत उजेडाची आणि सावलीची. सावली नसली तर सागवानसुद्धा पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा दिसतो.

लक्ष्मी गेटजवळच्या जानकीकाकूंना लेकीच्या, क्षमाच्या लग्नाआधी मधल्या खोलीत नवं कपाट हवं होतं. खोली अंधारी, खिडकी नाही. चित्रात कपाट काही उठून दिसेना. मग मी कपाटासमोरच्या भिंतीत स्वतःच्या अधिकारात एक खिडकी पाडली. चित्रात ती दिसत नव्हती, फक्त गजांची तिरपी सावली कपाटावर पडली होती.

"अगं बाई, आपली खोली एवढी देखणी आहे?" म्हणून काकूंनी ते चित्र गल्लीच्या ग्रुपवर टाकलं.

दुपारी त्यांचा फोन आला. आवाज दबलेला. "शाल्मली, काय करून ठेवलंस गं? विक्रम भैया येऊन बसलेत."

विक्रम भैया म्हणजे शेजारी. दोन्ही घरांत ती भिंत एकच, आणि लग्नाचे पाहुणे त्यांच्याच वरच्या खोल्यांत उतरायचे होते. बाकी गल्लीने कपाट पाहिलं, यांनी सावली पाहिली. फोनमधून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

"काकीजी, ये सलाखों की परछाईं है. मतलब खिड़की है. और उस दीवार के पीछे हमारा बाथरूम है."

काकूंनी देवाची शपथ घेतली, खिडकी नाही म्हणून.

"तो धूप कहाँ से आ रही है?"

खिडकी बुजेपर्यंत वरच्या खोल्यांना कुलूप, असं सांगून ते गेले.

"काकू, घाबरू नका. आत्ता काढते खिडकी," मी म्हटलं. पण गडबडीत खिडकीऐवजी अख्खी भिंतच काढून टाकली. गजांची सावली गेली, कपाटावर मऊ उजेड आला, मी खूश होऊन चित्र थेट विक्रम भैयांना पाठवलं. कपाटाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून चित्रात मी एक माणूस उभा करत असते. काम झाल्यावर त्याला भिंतीपलीकडे सरकवून ठेवला होता, तो मी विसरले.

या वेळी फोन त्यांचाच आला. आवाज फार शांत होता.

"शाल्मली जी, खिड़की तो गई. लेकिन अब हमारे बाथरूम में ये आदमी कौन खड़ा है?"

कपाटावर त्याची लांबलचक सावली पडली होती. डोक्यासकट.

मी लॅपटॉप कवटाळून प्रेम नगरहून ई-रिक्शाने निघाले. वाटेत एकच विचार: माझ्यापायी क्षमाच्या लग्नाचे पाहुणे रस्त्यावर येणार. पोचले तर मधल्या खोलीत सगळे जमलेले. विक्रम भैया भिंतीवर हात फिरवून बघत होते. त्यांच्या अम्मा शाल लपेटून खुर्चीत बसल्या होत्या आणि क्षमाचे डोळे भरून आले होते.

मी सगळ्यांसमोर सूर्य विझवला. पडद्यावर काळोख. पुन्हा लावला. डावीकडे नेला, उजवीकडे नेला. त्या माणसाला पुसून टाकला. विक्रम भैयांनी स्वतः बटण दाबून सकाळची संध्याकाळ करून पाहिली.

"मतलब, ये सब झूठी धूप है?"

"जी."

त्यांनी आणखी एकदा संध्याकाळची सकाळ केली. मग हळूच म्हणाले, "और मैं डर के मारे आज नहाया नहीं."

क्षमाला हसू आवरेना, मग काकूंना, शेवटी त्यांनाही. खिशातून वरच्या खोल्यांच्या किल्ल्या काढून त्यांनी काकूंच्या हातात ठेवल्या. माझ्या छातीवरचं ते कपाट तेव्हा कुठे उतरलं.

अम्मांनी मला जवळ बोलावलं. "बिटिया, तनक हमाए आँगन में सोई घाम कर दो. बरीं नईं सूख रईं."

त्यांच्या बुंदेलीत घाम म्हणजे ऊन. थंडीचं धुकं हटत नव्हतं, अंगणात घातलेले त्यांचे सांडगे ओलेच होते. मी समजावलं, "अम्मा, असली धूप नहीं है. कहीं है ही नहीं."

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग काकूंकडे. "तौ फिर इत्ती लड़ाई काए की हती?"

काकू चहा टाकायला उठल्या. मी लॅपटॉप मिटला आणि त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.