बारा फूट कोरडं पाणी

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुधनीच्या वाटेवरच्या तळ्यात पाणी नव्हतं, ही गोष्ट पर्यटन खात्याला मान्य नव्हती. पर्यटन केंद्राच्या मंजुरीच्या वेळी तळं भरलेलं होतं. मधल्या टेकाडाला खात्यानं बेट ठरवलं, काठावर ट्रकनं वाळू ओतून किनारा केला आणि हिवाळ्यात उतरणाऱ्या पाखरांना वन्यजीव म्हणून मान्यता दिली. मग पावसानं दगा दिला, पाखरांनीही दिला. पण मंजूर झालेलं पाणी आटायला वरून हुकूम लागतो, आणि तसा हुकूम आलेला नव्हता. तेव्हा अधीक्षकसाहेबांनी फाटकावर पाटी ठोकली : ‘बिनहंगामी सवलत. गर्दी नाही. पाण्याची खोली बारा फूट. माणसांना नावेशिवाय बेटावर जाण्यास मनाई.’

सोलापूरचे चादरीचे व्यापारी गुरप्पा सवलत म्हटल्यावर बायकोला, दाक्षायणीला, घेऊन आले. घरचा नळ नुसता सूं-सूं करत होता. निदान डोळ्यांनी तरी पाणी बघू, असा साधा विचार.

नावाडी नागप्पानं दोघांच्या कमरेला मोटारीच्या ट्यूबा अडकवल्या, त्यांना चाकं लावलेल्या नावेत बसवलं आणि पुढं बैल जुंपले.

“पाणी कुटं हाय रं?” गुरप्पांनी विचारलं.

“पाटीवर हाय की. पाय बाहेर काढू नका, मालक. बुडला तर जाब मला द्यावा लागतो.”

भेगाळलेल्या चिखलावरनं नाव खडखडत निघाली. गुरप्पांच्या हातात वल्हं दिलं होतं. आधी त्यांनी ते लाजत हलवलं. अर्ध्या वाटेत दाक्षायणीला म्हणाले, “जमतंय बघ मला.”

तेवढ्यात नावेच्या बाजूनं काठावरच्या वस्तीतली ईरम्मा झपझप पुढं गेली. चालत. डोक्यावर रिकामी घागर.

बेटावर छत्रीखाली अधीक्षक बसले होते. ईरम्मानं घागर त्यांच्या पुढ्यात आपटली.

“सायेब, तळं आटलंय एवढं लिवून द्या. तालुक्याला टँकर मागाया गेलो, तर म्हणत्यात, दारात बारा फूट पाणी असून टँकर कशाला? सून बाळंतीण हाय माजी. तिला पाणी न्हाय, तर तान्ह्याला दूध कुटलं?”

“आटलं म्हणून लिहिलं तर केंद्र बंद होईल, बाई. ते राहू द्या. तुम्ही इथवर आलात कशा?”

“चालत.”

“बारा फूट पाण्यातून?”

“धुरळ्यातनं.”

अधीक्षक गंभीर झाले. माणूस म्हणून हिला दंड करावा, तर ती चालत आली हे कबूल करावं लागणार आणि तळं कोरडं ठरणार. सोडून द्यावी, तर नियम मोडणार. शिवाय बेटावर दाखवायला एकही वन्यजीव शिल्लक नव्हता. त्यांनी विचार केला. बारा फूट पाण्यातून जी चालत येते, बुडत नाही, जिची घागरसुद्धा भिजत नाही, ती माणूस कशी असेल?

“बाई, तुम्हाला जलचर प्राणी म्हणून नोंदलं तर चालेल? प्राण्यांसाठी पाण्याची तरतूद आहे. रोज टँकर.”

“सुनंला बी मिळंल?”

“पिलासकट.”

“मग लिवा की. माणूस व्हऊन लई बघितलं.”

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आठवडाभरात सगळी वस्ती चालत बेटावर गेली आणि प्राणी झाली. भोवती दोरी बांधली, पाटी लागली : ‘दुर्मिळ जलचर. छेडू नये. खायला घालू नये.’ प्राण्यांनी बोलायचं नाही, एवढीच अट. सून बाळाला घेऊन सावलीला बसली. तिला दूध उतरलं.

सोलापूरहून झुंडी लोटल्या. गुरप्पाही पाहुण्यारावळ्यांना घेऊन पुन्हा आले. आता वल्हं ते मागून घेत होते. पण भर दुपारी नावेचा आस मोडला आणि नाव बेटापासून हाकेच्या अंतरावर रुतली. दाक्षायणीच्या घशाला कोरड पडली.

“नागप्पा, त्या टँकरचं घोटभर आण की.”

“माणसांसाठी तरतूद न्हाय, अक्का.”

दोरीपलीकडनं ईरम्मा बघत होती. तिनं अट मोडली.

“अगं बाई, उतर की खाली. चालत ये. तांब्या भरून ठेवते.”

दाक्षायणीनं गुरप्पांकडं बघितलं. गुरप्पांनी खालच्या धुळीकडं बघितलं. एक पाय नावेबाहेर काढला. मग फाटकावरची पाटी आठवली, शेजारी बसलेले पाहुणे दिसले, आणि त्यांनी पाय आत घेतला.

“आपण काय जनावर हाय का?” ते म्हणाले आणि वल्हं मारायला लागले.

नाव अजून तिथंच आहे. तुम्ही हसताय, हसा. पण हसताना कमरेची ट्यूब तेवढी घट्ट धरा.