मथूताई आणि दुपट्याचे दोन रंग

माणसाला आयुष्यात जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांतला सर्वांत गंभीर निर्णय रंगाचा असतो. स्थळ नाकारता येतं, नोकरी सोडता येते, घर विकता येतं. पण एकदा निवडलेला रंग जन्मभर सोबत राहतो. हा सिद्धान्त कुठल्या ग्रंथातला नाही. तो आमच्या शेजारच्या मथूताईंचा आहे, आणि तान्ह्या मुलाच्या लोकरीच्या दुपट्यापुरताच आहे.

मथूताई महाडला मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. पंचेचाळिशीच्या, उंच, काटक, एकट्या राहणाऱ्या. लग्न का केलं नाही, हे त्यांना विचारायची गावात कोणाची छाती नव्हती; त्यामुळे त्याची पाच-सहा निरनिराळी कारणं गावात प्रचलित होती. त्यांच्या आणि आमच्या परसात एक विहीर आणि एक वाळत घालायची दोरी होती. दोन्ही सामाईक. पण दोरी नावालाच सामाईक, कारण तिच्यावर बाराही महिने लोकरीचे वीत-वीत तुकडे लोंबत असत. ओळखीसाठी एका तुकड्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला पाच. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी, हा कसला नवस, असं हळूच विचारलं होतं.

नवस नव्हता, परीक्षा होती. गावात कोणाकडे बाळ जन्मलं की मथूताई त्याला दुपटं विणून देत, आणि त्याची लोकर विहिरीच्या पाण्यात, सावित्री नदीच्या पाण्यात, रिठ्यात आणि सोड्यात धुतल्याशिवाय तिला सुई लावत नसत. रंग सुटला की तुकडा दोरीवरून खाली. त्यावर अपील नाही.

ही पद्धत त्यांनी लोकरीपुरती ठेवली असती, तर त्यांची माझी एवढी गट्टी जमली नसती. नवे हेडमास्तर आले, की गाव हार घेऊन धावे, मथूताई म्हणत, "आधी धुऊन बघू." आणि एखाद्याचा निकाल लागला असेल, तर, "पहिल्या धुण्यात जाईल." एकदा आमच्या हायस्कुलात एका बड्या पाहुण्यांचा सत्कार झाला. पाहुणे दीड तास त्यागावर बोलले. शेवटी त्यांना शाल पांघरली गेली. मथूताई माझ्या मागेच बसल्या होत्या. त्या पुटपुटल्या, "पहिल्या धुण्यात जाईल." हे शालीबद्दल होतं की पाहुण्यांबद्दल, हे मी विचारलं नाही. पाहुणे पुढच्या निवडणुकीत पडले. शाल पुन्हा माझ्या पाहण्यात आली नाही.

मी हायस्कुलात इतिहास शिकवतो. एकुलता एक आहे. आईवडील लवकर गेले. लग्न होऊन मथूताईंच्या शेजारी राहायला आलो, त्याला बरीच वर्षं झाल्यावर माझ्या पत्नीला, सुमतीला, दिवस गेले. ही बातमी आम्ही दोघांनी गुप्त ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी मथूताई पितळी तांब्यात सावित्रीच्या पुराचं पाणी घेऊन बाजारात चालल्या होत्या. मी विचारलं, कुठे? म्हणाल्या, "रंग जुळवायला."

बाजारात लोकर एकाच दुकानात मिळे, रतनशेटच्या. तांब्यातल्या पाण्याचा तांबडा हवा, असं ताईंनी त्याला सांगितलं. रतनशेटने लाल लडी काढून दिली. कुठला लाल, म्हणून ताईंनी विचारलं. रतनशेट म्हणाला, लाल लाल. मग ताईंनी पाऊण तास त्याच्या ज्ञानात भर घातली. पुढे दोन महिने तो मुंबईहून लोकर मागवताना, "गढूळ पाण्याचा, पण घाण नाही असा लाल" असं लिहीत होता. अशा सात लड्या आल्या, धुतल्या गेल्या. सातवी टिकली.

आश्विनात हिरव्याची पाळी आली. ताईंना हवा होता तो हिरवा पाचाडच्या खाचरांत फक्त आठ दिवस असतो; भात पिकायला लागतं, पण पिवळं पडलेलं नसतं, तेव्हा. रविवारी मला बरोबर घेऊन त्या पाचाडला गेल्या. बांधावर बसून त्यांनी पिशवीतले तुकडे एकेक करून लोंब्यांना लावून पाहायला सुरुवात केली. शेताचा मालक विळा घेऊन बराच वेळ उभा होता. अखेर त्याने मला बाजूला घेतलं.

"मास्तर, ह्या बायला काय झाला हाय?"

"त्या रंग जुळवतायत."

"भाताशी?" त्याने जरा विचार केला. "मंग तिला सांगा, सकालचा बघ म्हणावा. दुपारचा उन्हाने रंग खोटा दिसतो."

मथूताईंनी मागे वळून त्या माणसाकडे असं पाहिलं, की तसं त्यांनी कोणत्याही हेडमास्तरांकडे पाहिलं नव्हतं. "हा पक्का आहे," त्या मला म्हणाल्या. पुढच्या रविवारी आम्ही पहाटेच्या गाडीने पुन्हा पाचाडला.

माझ्या सासूबाई पोलादपूरच्या. मूल जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही शिवायचं-विणायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. सुमतीला बाळंतपणासाठी न्यायला आल्या तेव्हा दोरीवरचे तुकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मथूताई शांतपणे म्हणाल्या, "मी विणत नाहीये. नुसती धुतेय." या युक्तिवादापुढे सासूबाईंचंही काही चाललं नाही. मात्र त्याचा अर्थ असा, की विणकाम मूल जन्मल्यावरच सुरू करायचं आणि बाराव्या दिवशी, बारशाला, दुपटं तयार हवं.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी पोलादपूरच्या गाडीच्या कंडक्टरने निरोप आणला: मुलगा झाला, दोघं खुशाल. मी विहिरीपाशी जाऊन ताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, रंग कसा आहे? मी म्हटलं, कंडक्टर काही बोलला नाही. त्या आत गेल्या आणि पाचच मिनिटांत सुयांचा आवाज सुरू झाला.

चौथ्या दिवशी सासूबाईंचं पत्र आलं. बारशाला बाळाचं नाव कानात सांगायला आत्या लागते. तुम्हाला बहीण नाही, तर मी उमरठहून तुमच्या नात्यातली एक चुलत-चुलत बहीण शोधून काढली आहे, ती येईल, असं त्यांनी लिहिलं होतं. या बहिणीला मी जन्मात एकदाच पाहिलं होतं, एका लग्नात, तेही पाठमोरी. गंमत म्हणून हे मी मथूताईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "बरं झालं. सोय झाली," म्हणाल्या.

त्या रात्रीपासून सुया थांबल्या. सातव्या दिवशी सकाळी पाहतो, तर दोरी रिकामी. ताई दारात बसून विणलेलं उसवत होत्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "काही नाही. पांढऱ्यात निळ्या कडेचं करते. शेजाऱ्यांना मी तेच देते."

इतिहासाच्या मास्तरला डोळ्यांसमोरची गोष्ट जरा उशिराच दिसते. घरी येऊन चहा पिताना मला आठवलं, की गावातल्या चाळीसेक पोरांना ताईंनी दुपटी दिली, ती सगळी पांढरीच होती, निळ्या कडेची. लोकर त्यांचीही धुतली जाई, पण रंग शोधण्यात आठवडाही गेला नव्हता. पुराचं पाणी तांब्यात घेऊन त्या कोणासाठी बाजारात गेल्या नव्हत्या. चहा तसाच ठेवून मी उठलो.

"ताई, उमरठच्या बाईंना मी नको म्हणून कळवतोय."

"का? मग नाव कोण ठेवणार?"

"तुम्ही."

त्या उसवत राहिल्या. एक ओळ उसवून झाल्यावर म्हणाल्या, "मला भाऊ नाही, मास्तर."

"मला बहीण नाही."

"असं एकदम ठरवू नये. आधी धुऊन..."

"अकरा पावसाळे झाले, ताई," मी म्हणालो.

ताईंनी लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवला. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्यांनी मला विचारलं, "कड कुठली घेऊ? हिरवी की तांबडी?"

"आत्या तुम्ही. तुम्ही ठरवा."

बारशाला पाच दिवस उरले होते. मथूताईंनी नोकरीतली पहिली रजा घेतली. शेवटच्या चार ओळी पोलादपूरच्या गाडीत झाल्या. गाडी थांबली तरी त्यांची ओळ संपेना, आणि कंडक्टर, ड्रायव्हर आणि बत्तीस उतारू ती संपायची वाट पाहत बसले. हिरव्या भाताला तांबड्या पाण्याची कड. दुपटं पाहून सासूबाईंनी ते दोनदा उलटसुलट केलं आणि कधी नव्हे ती कशालाच नावं ठेवली नाहीत. उमरठची बहीणही आलीच होती. आपल्याला काही करावं लागणार नाही हे कळल्यावर ती मोकळेपणाने जेवायला बसली.

ताईंनी पाळण्यात वाकून मुलाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, माधव. आत्या वाकली, की बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे, ही आपल्याकडची रीत. महाडात मथूताईंच्या पाठीवर कोणी हात ठेवला असेल, असं मला वाटत नाही. पोलादपूरच्या बायकांना ते ठाऊक नव्हतं. पाच-सहा जणींनी मिळून त्यांना असं बडवलं, की पाळणाच हलला. मथूताई वाकलेल्याच राहिल्या. मला वाटलं, लागलं. पुढे गेलो, तर त्या हसत होत्या, डोळे वाहत होते. "अरे, त्यांना थांबवू नको," त्या मला म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा एकेरीत हाक मारली होती.

माधव आता चौथीत आहे. दुपट्यातून त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर येतात, पण थंडीत तो दुसरं काही पांघरत नाही. रोज संध्याकाळी आत्याकडे जातो. आत्या त्याला लोकरीतला रंग ओळखायला शिकवते, आणि तो तुकड्यांच्या गाठी चाचपत अगदी मन लावून शिकतो. दुपटं अजून जराही फिकं पडलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या चित्रकलेच्या मास्तरांनी मला बोलावून घेतलं. नंतर आम्ही त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते काय म्हणाले, ते सुमतीने आणि मी मथूताईंना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हिरवा आणि तांबडा, हे दोन रंग त्याला एकच दिसतात.